हौदातली सतरा मिनिटं

आमच्या बँडचा इतिहास लिहून द्या, असं पत्र मला दोन महिन्यांपूर्वी आलं. कुणाच्या फारशा लक्षात नसलेल्या बँडचे अल्बम तबकडीवर पुन्हा काढणारी काही मंडळी आहेत. त्यांना आमचा एकुलता एक अल्बम काढायचा आहे आणि सोबत छापायला चार पानं हवी आहेत. बँड कसा जमला, दुष्काळात रिकाम्या पाण्याच्या हौदात रेकॉर्डिंग करायचं कसं सुचलं, वगैरे. पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. शेवटच्या रचनेत अकराव्या मिनिटाला लोखंडावर ठोके पडतात, ते कुणी वाजवले? ऐकणारे म्हणे त्या ठोक्यांसाठी ती रचना पुन्हा पुन्हा लावतात.

हा प्रश्न पूर्वीही लोकांनी विचारला होता. मी हसून म्हणायचो, असंच, योगायोगानं आलं. आता पन्नाशी लागली. चार पानांत मावेल असं हे नाही आणि त्यांना हवं तसंही होणार नाही. तरी लिहितो.

आम्ही मुळात तिघं. मी गिटार वाजवायचो. पोटासाठी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि एका बिल्डरकडं साइट सुपरवायझर होतो. ड्रम वाजवणारा माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या वडिलांचं औरंगपुऱ्यात भांड्यांचं दुकान होतं. तिसरी व्हायोलिनवाली. ती एका शाळेत संगीत शिकवायची, म्हणून वयानं लहान असूनही आम्ही तिला बाईच म्हणायचो. ती आमच्यासोबतही मांडी घालूनच वाजवायची. खुर्ची दिली तर म्हणायची, "खुर्चीवर मला बँकेत आल्यासारखं वाटतं."

आमच्या वाजवण्यात गाणं नसायचं. एक सूर घ्यायचा, तो हळूहळू वाढवत न्यायचा, दहा-पंधरा मिनिटांनी तो भरून यायचा आणि मग ओसरायचा. त्याला पोस्ट-रॉक म्हणतात हे आम्हाला इंटरनेटवरून कळलं होतं, शहरात ते कुणाला सांगून उपयोग नव्हता. एकदा गणपतीत एका मंडळापुढं वाजवलं. बारा मिनिटं झाली असतील, तेव्हा मंडळाचा एक कार्यकर्ता स्टेजवर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, तुमची जुळवाजुळव झाली आसंल तर करा की आता सुरू. पब्लिक बसलंय."

मास्तर आम्हाला रस्त्यात सापडले. औरंगपुऱ्यात एक वरात गर्दीत अडकली होती. नवरदेवाची घोडी पुढं निघून गेली, नाचणारी पोरं तिच्यामागं गेली, आणि बँडवाले रिक्षांच्या मधोमध अडकून पडले. बाकीच्यांनी वाद्यं खाली घेतली. क्लॅरिनेटवाल्यानं घेतलं नाही. डोळे मिटून तो एकच सूर धरून उभा होता आणि त्याच्याभोवती हॉर्न वाजत होते. दोस्त दुकानाच्या पायरीवरून म्हणाला, "हा माणूस आपला आहे."

ते बँडमास्तर होते, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मूळचे देवगाव रंगारीकडचे. घराणं मेंढपाळाचं. वडिलांचा कळप जुन्या एका दुष्काळात विकला गेला तेव्हा ते शहरात आले, बँडमध्ये आधी दिवे धरले, मग क्लॅरिनेट हातात घेतलं. पडेगावला वस्तीवर राहायचे. मावशी, म्हणजे त्यांची बायको, घरी चार शेळ्या सांभाळायची. मास्तरांनी सोबत आपल्या बँडमधले दोघं आणले, एक ट्रंपेटवाला आणि एक मोठ्या पितळी भोंग्यावर खालचे सूर धरणारा. अशी आमची सहा जणांची मंडळी झाली.

मास्तरांना लिहिलेले सूर वाचता यायचे नाहीत. ते म्हणायचे, "साहेब, सूर नगा सांगू. काय दिसतंय ते सांगा." मग मी सांगायचो: कळप परत येतोय, धूळ दिसतेय, मेंढरं अजून दिसत नाहीत. ते मान हलवायचे आणि नेमकं तेवढंच वाजवायचे, धूळ. मेंढरं आणायची वेळ आली की माझ्याकडं बघायचे.

माझ्याकडं बघायचे, हे महत्त्वाचं आहे. आमच्या रचनांमध्ये मात्रा मोजून कुणाला पत्ता लागायचा नाही, म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली होती. सगळ्यांनी माझ्या हाताकडं बघायचं. तळवा वर असला की चालू ठेवायचं. मूठ मिटली की थांबायचं. मूठ मिटेपर्यंत कुणी थांबायचं नाही, काहीही झालं तरी. नियम मीच केला होता.

त्या वर्षांत शहर दौलताबाद रस्त्यानं पडेगावच्या पुढं सरकत होतं. जिथं ज्वारीची धसकटं होती तिथं प्लॉटिंगचे बोर्ड लागले. आमच्या बिल्डरनंही रो-हाउसची कॉलनी टाकली. नळ आला नव्हता, येईल म्हणून सांगत होते. तोवर जमिनीखाली एक मोठा हौद बांधायचा, तो टँकरनं भरायचा आणि मोटरनं पाणी घराघरांत चढवायचं, असं ठरलं. कॉलनीचा रस्ता मास्तरांच्या वस्तीच्या जागेतून गेला होता, म्हणून बिल्डरनं शब्द दिला होता की कॉलनीच्या भिंतीबाहेर वस्तीसाठी हौदाचा एक नळ काढून देऊ. कॉलनीत लोक राहायला आले, वस्ती होतीच, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी पळाला. सगळे मोठ्या रस्त्यावर टँकरची वाट बघत उभे राहायचे. तिथून घरापर्यंत हंडे वाहायचे.

हौदाचा गिलावा बघायला मी खाली उतरलो आणि खोकलो. खोकला परत आला, विरला, पुन्हा आला. मी तसाच वर आलो आणि मास्तरांना बोलावलं. त्यांनी शिडीपाशी चपला काढल्या.

"अहो, सिमेंट आहे नुसतं," मी म्हणालो.

"पान्याची जागा हाय, साहेब. आज नाय म्हनून काय झालं?"

खाली जाऊन त्यांनी एक सूर वाजवला आणि वाद्य तोंडातून काढलं. सूर थांबला नाही. ते भिंतीकडं बघत राहिले. "ह्यो तर मागंच लागला की वो."

त्या वर्षी आषाढ अधिक होता. अधिक महिन्यात लग्नं नसतात, म्हणून बँडवाल्या तिघांना महिनाभर एकही सुपारी नव्हती. रिकामा हौद आणि रिकामे बँडवाले पुन्हा कधी एकत्र मिळणार नव्हते. आम्ही लॅपटॉप, दोन माइक आणि वायरी खाली नेल्या. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून वरचं लोखंडी झाकण लावायचो, आणि मध्येच कुणी उघडू नये म्हणून मी ते आतून तारेनं बांधायचो. उकाड्यानं जीव जायचा. बाईंच्या व्हायोलिनच्या तारा उतरायच्या, बाई पदरानं घाम पुसून त्या पुन्हा लावायच्या. पण आवाज! एक सूर सोडायचा आणि तो परत येईपर्यंत वाट बघायची. आधीच्या सगळ्या रचना आम्हाला तिथं नव्यानं संथ कराव्या लागल्या.

तीन दिवसांत बाकी सगळं झालं, शेवटची रचना राहिली. ती जमतच नव्हती. आणि तिसऱ्या संध्याकाळी हौदाची पूजा झाली. मावशीच वयानं मोठी म्हणून कॉलनीच्या बायकांनी तिलाच पुढं केलं. तिनं झाकणाला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला टँकर सुटायचा होता.

त्या संध्याकाळी मी साइटच्या ऑफिसात गेलो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: हौदाच्या तळाशी जोडाला तडा दिसतो, वॉटरप्रूफिंगचा थर पुन्हा द्यावा लागेल, सहा दिवस पाणी सोडू नये. खाली सही केली.

तडा नव्हता. तो हौद मी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. माझ्या कामात कधी तडा गेला नाही, म्हणूनच तर बिल्डरनं लगेच मान्य केलं. खात्री करायला कुणी खाली उतरलं नाही. बँडमध्ये मी एवढंच सांगितलं की टँकर लांबला. दोस्त म्हणाला, "चला, दुष्काळात कुणाचं तरी भलं झालं." मी त्याच्याबरोबर हसलो.

पुढचे दिवस आम्ही तीच रचना वाजवत राहिलो. हौदात उतरताना एकदा मावशी डोक्यावर हंडा घेऊन समोरून आली. घामानं निथळत होती.

"ओ इंजिनेर, कवा भरतोय रं बाबा हौद? नारळ वाळून चालला माझा."

"मावशी, गळतोय तो. दुरुस्ती चाललीय."

"आन् गळक्या हौदात बाजा वाजवत्यात व्हय दुरुस्तीला?" तिनं मास्तरांकडं बघून डोळे मोठे केले. मग मला म्हणाली, "बरं कर बाबा, नीट कर. गळक्यात पानी वतून काय उपेग? आमी काय, हाय सवय."

त्या सहांतला पाचवा दिवस, दुपार. सुरुवातीलाच कळलं की आज होणार. भोंग्यावर खालचा सूर लागला आणि हौदाची जमीनच वाजायला लागली. बाईंनी त्यावर हलकेच गज टेकवला. मास्तरांनी धूळ उडवली. इतकी वर्षं मी जे डोक्यात ऐकत होतो ते समोर घडत होतं. मेंढरं येणार होती. तेवढ्यात वर झाकणावर कुणीतरी ठोकायला लागलं. दगडानं, लोखंडावर. हौदात तो आवाज इतका मोठा झाला की माझ्या छातीत बसला.

मला काय वाटलं ते लिहितो. मला वाटलं, कॉलनीतले लोक आले. कुणीतरी खाली बघायला आलंय आणि आता तडा कुठं आहे म्हणून विचारणार. मी घाबरलो, मदतीला कुणी बोलावत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. मास्तर माझ्याकडं बघत होते, क्लॅरिनेट ओठांत, भुवया वर. विचारत होते. मी तळवा वर केला. चालू ठेवा.

ठोके थांबले, पुन्हा पडले, मग बंद झाले. आम्ही आणखी सहा मिनिटं वाजवलं. मग मी मूठ मिटली. सूर विरेपर्यंत कुणी श्वासही मोठ्यानं घेतला नाही. दोस्त कुजबुजला, "हाच."

तार सोडून झाकण वर ढकललं तर उन्हात मास्तरांची शेजारीण उभी होती. हातात दगड तसाच. "कवाधरनं ठोकतेय मी! मास्तर, आवो तुमची कारभारीन पडली चारीत. उठंना ती."

मोठ्या रस्त्याकडून येणाऱ्या नव्या पाइपलाइनीसाठी चारी खोदून ठेवली होती. मावशी डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन तिच्या कडेनं येत होती, माती ढासळली. खुबा मोडला. आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही हंडे चारीत आडवे पडलेले होते आणि मावशी चेहऱ्यावर पदर ओढून पडली होती. ओरडत नव्हती. मास्तरांना म्हणाली, "पानी सांडलं वो सगळं."

सहा मिनिटं लवकर पोचलो असतो तर तिचा खुबा वाचला नसता, हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलं आहे. ते खरंही आहे. ते खोटे सहा दिवस नसते तर मात्र वाचला असता.

दवाखान्यात मावशीच्या भावानं मास्तरांना विचारलं, "एवढं ठोकलं तिनं, तुमाला ऐकू आलं नाय?" मास्तर खाली बघून म्हणाले, "आत काय बी ऐकू येत नाय." मी शेजारी उभा होतो. मीही काही बोललो नाही. मावशीच्या दुखण्यात शेळ्या गेल्या. मी ऑफिसात लिहिलं की काम पूर्ण झालं, आणि हौद भरला.

बँड मोडला असं कुणी कधी म्हणालं नाही. अधिक महिना संपला, बँडवाल्यांना सुपाऱ्या लागल्या. मास्तर पुन्हा आले नाहीत. बाईंची बदली झाली. दोस्त दुकानात गुंतला. त्या वर्षी पाण्याचे ड्रम आणि कॅन ठेवायला त्याला जागा पुरत नव्हती. रेकॉर्डिंग जुळवायचं काम मी एकट्यानं केलं. ते ठोके कापता आले असते. ज्यात ठोके नव्हते असे आधीच्या दिवसांचे प्रयत्नही हाताशी होते, थोडे कमी चांगले. मी ठोके ठेवले. का, तर ते तिथं चांगले वाटत होते. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अल्बम इंटरनेटवर टाकला. त्याच्या कव्हरवर शहराचं तेव्हाचं नाव आहे. काही वर्षं कुणी ऐकला नाही आणि मग कुठून कुठून लोक ऐकायला लागले.

पत्र आल्यावर महिनाभर मी ते बाजूला ठेवलं. मग एका सकाळी पडेगावला गेलो. वस्तीवर आता स्लॅबची घरं आहेत, समोर दुकानं, मागं चार मजली इमारती. कॉलनीच्या भिंतीबाहेरचा नळ अजून आहे. मावशी दारात बाजेवर बसली होती, काठी शेजारी. मास्तरांचे पुढचे दात गेलेत. क्लॅरिनेटला दात लागतात. ते म्हणाले, "या साहेब. लई वर्सांनी."

चहा झाला. मी सांगायला सुरुवात केली ती मावशीकडं बघून. तडा नव्हता, मी खोटं लिहिलं, आम्हाला वाजवायला दिवस हवे होते. तिनं मध्ये एकदाच विचारलं.

"म्हंजी गळत नव्हता?"

"नव्हता, मावशी."

तिनं काठी जवळ ओढली. मग म्हणाली, "आन् आमी म्हनायचो, इंजिनेर लई बारीक काम करतोय." मास्तर जमिनीकडं बघत होते. "काय वाजिवलं रं तवा तुमी? मी कदी ऐकलंच नाय. ह्यांनी सीडी आनली व्हती, ती लावायची कशात?"

मी फोनवर ती रचना लावली आणि तिच्या हातात दिली. तिनं फोन कानाला लावला, बोलायला लावतात तसा. मास्तरांचं क्लॅरिनेट आलं तेव्हा म्हणाली, "हे ह्यांचं."  अकरा मिनिटं ती हलली नाही. मग ठोके पडले, आणि तिनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं.

"ही ती हाय," ती म्हणाली. शेजारीण गेल्या वर्षीच वारली होती.

"व्हय," मास्तर म्हणाले.

"एवढं ठोकलं तिनं. ऐकू नाय आलं का रं तुमाला?"

याच प्रश्नासाठी मी गेलो होतो. "आलं होतं, मावशी," मी म्हणालो. "मला वाटलं, माझं खोटं पकडायला कुणी आलं. मी हात वर केला. सगळे माझ्या हाताकडं बघून वाजवत होते."

ती मास्तरांकडं वळली. मास्तरांनी मान वर केली नाही. तेव्हा मला समजलं की मी एकट्याचं सांगितलं नव्हतं.

मी फोन बंद करायला हात पुढं केला. तिनं तो बाजूला घेतला. "ऱ्हाऊ दे चालू."

"ते ठोके काढून टाकतो मी. आता नवीन काढणार आहेत, त्यात..."

"काढू नगं. ती बिचारी गेली. तिचं काय ऱ्हायलंय दुसरं?" मग कोपऱ्याकडं बोट दाखवलं. "तो हंडा घे आन् भरून आन. नळ आलाय. ह्यांच्याच्यानं उचलत नाय आता."

हंडा घेऊन मी बाहेर आलो. मास्तर मागोमाग आले. नळ सोडला. पाणी हंड्यात पडायला लागलं तेव्हा ते बोलले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला अरे-तुरे कधी केलं नव्हतं.

"मला इचारून तरी सांगायचं व्हतंस."

"मास्तर, मी..."

"तुझं तू सांगितलंस, मोकळा झालास. मी तिला म्हनलो व्हतो, आत काय बी ऐकू येत नाय. इतकी वर्सं ती लोकांना तेच सांगती. बिचारे आत व्हते, त्यांना कसं ऐकू येनार." त्यांनी नळ बंद केला. हंडा काठोकाठ भरला होता. "तुझा हात वर व्हता, खरं. पन वाद्य माझ्या तोंडात व्हतं."

 मी हंडा खांद्यावर घेतला. सवय नव्हती, अंगावर सांडत होता. मास्तर नळापाशीच थांबले. दाराशी आलो तर मावशी तशीच बसलेली, फोन कानाला. आतून बारीक, भरून आलेला आवाज येत होता. मी हंडा तिच्या पायाशी ठेवला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आजून वाजिवतायच की रं तुमी," ती म्हणाली.